शटर उघडलं की गाड्या थांबतात: कारखान्याचं खासगी ५जी आणि बाहेरचा मोबाइल टॉवर

पाना_पक्कड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, ऑटोमेशन आणि नेटवर्क दोन्ही माझ्याच गळ्यात. दीड वर्षापूर्वी आमच्या शेडमध्ये स्वतःचं खासगी ५जी लागलं, ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास, १०० मेगाहर्ट्झचा पट्टा, परवाना वगैरे सगळं रीतसर. त्यावर माल वाहणाऱ्या विनाड्रायव्हर गाड्या चालतात, म्हणजे एजीव्ही, आणि तपासणीचे कॅमेरे.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. गेले दोन महिने मात्र गाड्या मधेच थांबतायत. गाडी उभी राहते, पिवळा दिवा लागतो, माणूस जाऊन रीसेट करतो, तोवर मागे तीन गाड्यांची रांग. लॉगमध्ये एकच ओळ, कंट्रोलरशी संपर्क तुटला. कधी दिवसातून दोनदा तर कधी वीसदा, आणि बहुतेक वेळा दुपारी, साधारण एक ते पाच. रविवारी अर्धी पाळी असते तेव्हा एकदाही नाही.

ज्यांनी नेटवर्क लावलं ते म्हणतात सिग्नल उत्तम आहे, आणि ते खरंय, गाडीच्या मोडेमवर मी स्वतः बघितलं, उणे ७८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त), याहून चांगला काय हवा. कुंपणापलीकडे चारेकशे मीटरवर एका मोबाइल कंपनीचा नवा टॉवर उभा राहिलाय, आमच्या शेजारच्याच पट्ट्यात त्यांचं ५जी आहे. त्यांना विचारलं तर म्हणतात आमच्या सिस्टीमवर काहीच त्रास दिसत नाही. तिसरे एक सल्लागार आले ते म्हणाले पॉवर वाढवा. वर प्रॉडक्शनचे साहेब विचारतायत की हे सगळं काढून वायरवर का जात नाही, आता चालत्या गाडीला वायर कुठून लावू.

कुणी असं भोगलंय का? कुठून सुरुवात करू?

जुना_वायरमन

आधी घरातलं तपासा. वेल्डिंग, मोटरचे ड्राइव्ह, अर्थिंग. आमच्याकडे सेन्सरची रीडिंग उडायची, शेवटी ड्राइव्हच्या केबलचं शील्ड एका बाजूला सुटलेलं निघालं. दुपारी कुठली मोठी मशीन सुरू होते ते बघा.

लहरी

वायरमनदादांचा सल्ला केबलवरच्या सिग्नलला लागू पडतो, पण ड्राइव्ह आणि वेल्डिंगचा गोंगाट बराचसा खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, काही शे मेगाहर्ट्झच्या वर त्याचा जोर उतरतो. ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत तो त्रासदायक ताकदीने पोचणं अवघड. त्यामुळे मी तिकडे आधी वळणार नाही.

पाना_पक्कड, दोन गोष्टी सांगा. एक, तुमच्या नेटवर्कचा टीडीडी पॅटर्न, म्हणजे बोलायची आणि ऐकायची वेळ कशी वाटलीय, तो काय आहे? दोन, चुका डाउनलिंकला (अँटेनाकडून गाडीकडे) जास्त आहेत की अपलिंकला (गाडीकडून अँटेनाकडे)? मोडेमवर दिसणारा सिग्नल म्हणजे गाडीला ऐकू येणारा तुमच्या अँटेनाचा आवाज. गाडीचं बोलणं अँटेनाला ऐकू येतंय का हे त्या आकड्यातून कळतच नाही. सगळे हाच एक आकडा बघून सिग्नल छान आहे म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पाना_पक्कड

लहरीताई, बघितलं. डाउनलिंक जवळजवळ स्वच्छ आहे, सगळ्या चुका अपलिंकला. पॅटर्नबद्दल नेटवर्कवाल्यांना विचारलं तर असं कळलं की पाच महिन्यांपूर्वी आम्ही कॅमेरे वाढवले तेव्हा त्यांनी अपलिंक वाढवून दिलं होतं. दहा स्लॉटमध्ये, म्हणजे वेळेच्या दहा तुकड्यांमध्ये, ३ डाउन, १ स्पेशल (डाउनवरून अपवर वळायचा), ६ अप. मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं, मी फक्त कॅमेऱ्याचा स्पीड वाढला म्हणून खूश होतो. टॉवर उभा राहिला त्यानंतर, दोन-अडीच महिन्यांपूर्वी.

लहरी

मग बरंचसं इथेच आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न खूप ठिकाणी येणार आहे आणि माणसं उगाच पॉवर वाढवत बसतात.

३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी हे टीडीडी असतं. म्हणजे बोलायला आणि ऐकायला एकच फ्रिक्वेन्सी, फक्त वेळ वाटून घेतलेली. ज्या नेटवर्कमध्ये पट्ट्यातल्या बारीक उपलहरी ३० किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात त्यात एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा, दहा स्लॉट म्हणजे ५ मिलिसेकंद. या ५ मिलिसेकंदांत कधी टॉवर बोलणार आणि कधी फोन बोलणार हे ठरलेलं असतं. लोक फोनवर बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून पब्लिक नेटवर्कमध्ये बहुतेक वेळ टॉवरच बोलतो. पुष्कळ ठिकाणी ७ डाउन, १ स्पेशल, २ अप असा पॅटर्न असतो. कारखान्याची गरज नेमकी उलटी, कॅमेरे पाठवणार आणि कंट्रोलर चार शब्दांचं उत्तर देणार.

आता दोन्ही पॅटर्न एकाखाली एक लिहा. तिकडे पहिले सात स्लॉट टॉवर बोलतोय. तुमच्याकडे चौथ्यात स्पेशल आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंत गाड्या बोलतायत. म्हणजे पाच, सहा, सात या स्लॉटमध्ये तुमचा अँटेना गाडीचा बारीक आवाज ऐकायला कान लावून बसलाय आणि नेमका तेव्हाच टॉवर पूर्ण जोराने ओरडतोय. आठव्यातही, कारण स्पेशल स्लॉटचा बराच भाग सहसा डाउनच असतो. नऊ आणि दहा तेवढे दोन्हीकडे अप, तिथे शांतता.

किती जोराने ओरडतोय त्याचा हिशोब करून बघू. मोठ्या टॉवरची अँटेनासकट ताकद ७० डीबीएमच्या घरात असू शकते, म्हणजे झोताच्या दिशेला १० किलोवॅट असल्यासारखी. गाडीचा मोडेम २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. ३.७ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत ४०० मीटरचा तोटा साधारण ९६ डेसिबल. म्हणजे टॉवरचा झोत थेट तुमच्याकडे वळला तर तुमच्या भिंतीबाहेर त्याचा आवाज उणे २६ डीबीएम. भिंतीने किंवा दाराने समजा १५ खाल्ले तर आत उणे ४१.

तुम्ही म्हणाल तो शेजारचा पट्टा आहे, आमचा नाही. बरोबर, पण शेजारच्या पट्ट्यात सांडणारी ऊर्जा शून्य नसते, मुख्य सिग्नलपेक्षा सुमारे ४५ डेसिबल खाली असली की ती नियमात बसते. उणे ४१ मधून ४५ गेले, उणे ८६. तुमच्या १०० मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरची स्वतःची खरखर साधारण उणे ८९. म्हणजे नियम पाळूनसुद्धा टॉवरची सांडलवंड तुमच्या खरखरीच्या वर गेली. शिवाय तुमच्या रिसीव्हरचा फिल्टर शेजारचा तो उणे ४१ चा दणका पूर्ण अडवू शकत नाही, ते वेगळंच.

अँटेनाजवळच्या गाडीचा आवाज उणे ७० च्या आसपास पोचतो, ती निभावते. लांब रॅकच्या आड गेलेली गाडी उणे ८७ ला येते, ती बुडाली. तुमच्या कुठल्या गाड्या थांबतात, लांबच्या ना?

पाना_पक्कड

हो. लांबच्याच. आणि मला आजवर वाटायचं त्या कोपऱ्यात कव्हरेज कमी आहे.

नवशिका

खूप माहितीपूर्ण धागा, वाचतोय. एक शंका, मग मोबाइल कंपनी काही दिसत नाही म्हणते ते खोटं का?

मनोरावासी

मी टॉवरच्या बाजूला काम करतो, रेडिओ ऑप्टिमायझेशन. खोटं नाहीये, त्यांना खरंच दिसत नसणार. लहरी यांनी दिलेले दोन पॅटर्न परत बघा. टॉवर फक्त नऊ आणि दहा या स्लॉटमध्ये ऐकतो आणि त्या वेळी कारखान्याचा अँटेना गप्प असतो, कारण तिथेही अपलिंक चालू. कारखाना बोलतो पहिल्या तीनमध्ये, तेव्हा टॉवरही बोलत असतो. म्हणजे त्रास एकाच बाजूला. आमच्या स्क्रीनवर अपलिंकचा गोंगाट किती ते दिसतं, तो स्वच्छ असला की आम्ही तिकीट बंद करतो. समोरच्याच्या रिसीव्हरमध्ये काय चाललंय ते आम्हाला दिसायची सोयच नाही.

पाना_पक्कड, तुमच्याकडून वकिली पत्र न येता मोजमाप आलं तर आमच्या बाजूचा माणूस नक्की हलतो, हे मी मनापासून सांगतो. तुमच्या बेस स्टेशनचे अपलिंक चुकांचे काउंटर स्लॉटप्रमाणे काढता येतात का बघा. पाच ते आठमध्ये चुका आणि नऊ-दहा स्वच्छ असं निघालं तर त्याहून मोठा पुरावा नाही.

आणि एक तपासा, एजीव्हीच्या वाटेजवळ उभं राहून तुमच्या कामगारांच्या फोनला त्या कंपनीचं नेट अडखळतं का. पाचव्या ते सातव्या स्लॉटमध्ये तुमची गाडी बोलते आणि त्याच वेळी शेजारचा फोन टॉवरचं ऐकत असतो. टॉवरच्या कानाला त्रास नाही पण फोनच्या कानाला होऊ शकतो.

थांबा_बटण

मशीन सेफ्टीत काम करतो, एका गोष्टीसाठी मधेच बोलतो. कृपा करून कुणी गाडीचा वॉचडॉग टाइम वाढवू नका. असा त्रास सुरू झाला की पहिला सोपा उपाय हाच सुचतो, संपर्क तुटल्यावर गाडीने अजून थोडी वाट बघावी. गाडी थांबते ती बिघडली म्हणून नाही, तिला थांबायलाच बनवलंय. प्रोफिनेटमध्ये (कारखान्यातल्या मशीन आणि कंट्रोलरच्या बोलण्याची पद्धत) साधारणपणे तीन फेऱ्या डेटा आला नाही की संपर्क तुटला असं धरतात, सेफ्टीच्या निरोपांना त्याहून वेगळी मुदत असते. ती मुदत गाडीच्या वेगावर आणि थांबायच्या अंतरावर मोजून काढलेली असते. सेकंदाला मीटरभर वेगाने जाणारी गाडी अर्धा सेकंद जास्त चालली तर अर्धा मीटर पुढे जाते, आणि त्या अर्ध्या मीटरमध्ये माणसाचा पाय असू शकतो. रेडिओचा प्रश्न रेडिओत सोडवा.

पाना_पक्कड

थांबा_बटण, सल्लागारांनी हेही सुचवलं होतं, मी ते केलेलं नाही आणि आता करणारही नाही.

आज दिवसभर शेडमध्ये होतो. दुपारी एकला पहिला ट्रक आला, पूर्वेचं मोठं शटर वर गेलं, मी घड्याळात बघितलं १:०७. १:०९ ला सात नंबरची गाडी रॅकमागे थांबली. शटर तासभर उघडं, त्या तासात सहा गाड्या थांबल्या. २:१० ला शटर खाली. पाऊण तास एकही नाही. मग मी स्वतः जाऊन शटर उघडायला लावलं, ट्रक नसताना. चार मिनिटांत गाडी थांबली. परत बंद, परत शांत.

पत्र्याचं शटर आहे आणि ते वर गेलं की समोर सरळ टॉवर दिसतो, मी तिथे उभा राहून बघितला. आमचा एक अँटेना शटरच्या बरोबर समोरच्या खांबावर, तोंड शटरकडे. ट्रक दुपारीच येतात. रविवारी येत नाहीत. दोन महिने मी वेळेच्या मागे लागलो होतो आणि ते दार माझ्या डोळ्यासमोर वरखाली होत होतं.

स्लॉटचे काउंटर नेटवर्कवाल्यांकडून मागवलेत, उद्या मिळतील.

नवशिका

वाचून अंगावर काटा आला. उद्याची वाट बघतोय.

गोदामकर

थोडं अवांतर होईल पण विषय तोच आहे. आमच्याकडे खासगी ५जी वगैरे नाही, साधं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय, हातातले बारकोड स्कॅनर त्यावर. पाळी बदलताना, शंभर-दीडशे माणसं गेटपाशी, स्कॅनर अडकतात. आम्ही समजत होतो की माणसांच्या फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ नडतंय, ते बंद करायला लावलं तरी फरक नाही.

लहरी

गोदामकर, तुमचे फोन कुठल्या बँडवर आहेत बघा. ४जीचा बँड ४० हा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ आणि वायफाय सुरू होतं २४०० ला. मधे भिंत नाही. चॅनल १ चा मध्य २४१२ ला, त्याची खालची कड २४०२ च्या आसपास. गेटपाशी उभा राहून माणूस व्हिडिओ कॉल करतोय, त्याचा फोन बँड ४० च्या वरच्या टोकाला पूर्ण ताकदीने बोलतोय आणि दोन मीटरवर तुमचा स्कॅनर लांबच्या ॲक्सेस पॉइंटचा (वायफायच्या डब्याचा) आवाज ऐकायचा प्रयत्न करतोय. वायफाय बंद केल्याने काय होणार, बोलतोय तो मोबाइलचा रेडिओ.

तिथल्या ॲक्सेस पॉइंटला चॅनल ११ द्या, तो २४६२ ला आहे, बँड ४० पासून लांब. फार वरही सरकू नका कारण २४९६ पासून बँड ४१ आणि २५०० पासून बँड ७ चं अपलिंक सुरू होतं, २.४ चा पट्टा दोन्हीकडून दाबला गेलाय. झिगबीवाल्यांनीही (सेन्सरसाठीचं कमी ताकदीचं वायरलेस, याच पट्ट्यात) हे लक्षात ठेवावं, चॅनल ११ हा त्यांच्याकडे २४०५ ला आहे आणि २६ हा २४८० ला, नंबर सारखे पण जागा वेगळ्या. वायरलेसहार्ट (कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांचं वायरलेस) जरा सुखी, ते १५ चॅनलांवर उड्या मारत चालतं आणि खराब चॅनल यादीतून काढता येतात.

स्कॅनर नवे घेणार असाल तर कड नीट कापणारा फिल्टर आत आहे का ते लेखी विचारा. स्वस्त मॉड्यूलमध्ये तिथेच पैसे वाचवलेले असतात.

गोदामकर

चॅनल १ च होता. उद्याच बदलतो. ५ गिगाहर्ट्झला गेलो तर?

लहरी

चांगलंच, फक्त रडारच्या चॅनलांपासून जपा. त्या चॅनलवर रडार ऐकू आलं की ॲक्सेस पॉइंटला जागा सोडावी लागते आणि नव्या तशाच चॅनलवर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. स्कॅनरला मिनिटभर चालेल, गाडीला चालणार नाही.

मनोरावासी

गेटवरच्या फोनबद्दल एक जोडतो, हे कारखान्यांना पटवायला मला फार वेळ लागतो. फोन किती जोराने बोलणार हे टॉवर ठरवतो. टॉवर लांब किंवा पत्र्याआड असेल तर फोन २३ डीबीएमपर्यंत जातो. आतच पब्लिक नेटवर्कचा छोटा सेल, म्हणजे छोटा टॉवरच, बसवला तर तोच फोन उणे १० डीबीएमलाही भागवतो. ३३ डेसिबलचा फरक, म्हणजे दोन हजारपट कमी ताकद. कारखान्याचे लोक म्हणतात आमच्या शेडमध्ये मोबाइलचा सिग्नल नको, त्रास होतो. खरं म्हणजे सिग्नल नसतो म्हणूनच फोन ओरडतात. आत चांगला सिग्नल द्या, दोनशे फोन कुजबुजायला लागतील. फक्त तो छोटा सेल कंपनीमार्फतच बसवा, बाजारातले बूस्टर आणून लावू नका, ते स्वतःच्याच आवाजाने शिट्टी मारायला लागले की आजूबाजूचा सगळा टॉवर बहिरा होतो आणि मग आम्हाला गाडीवर अँटेना लावून गल्लोगल्ली शोधत फिरावं लागतं.

छपराचे पत्रे, गंजलेले नटबोल्ट हेही बघा. दोन जोरदार सिग्नल गंजलेल्या जोडावर पडले की तो जोड मिक्सरसारखा वागतो आणि तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर कचरा तयार होतो, पहिलीची दुप्पट वजा दुसरी. अँटेनाच्या अगदी समोर गंजकी जाळी असेल तर काढून टाका.

पाना_पक्कड

आकडे आले. स्लॉट ५, ६, ७ आणि ८ मध्ये शटर उघडं असताना निम्म्याहून जास्त डेटाचे ब्लॉक फुटतायत. ९ आणि १० मध्ये जवळजवळ काहीच नाही. शटर बंद असताना सहाही स्लॉट बरे. मी छापून भिंतीवर लावलाय तो आलेख, साहेबांनाही दाखवला, पहिल्यांदा त्यांनी वायरचं नाव काढलं नाही.

रात्रपाळीत प्रयोग केला. आमचा पॅटर्न टॉवरसारखाच, ७-१-२. शटर दोन तास सताड उघडं ठेवलं. एकही गाडी थांबली नाही.

पण आता कॅमेऱ्यांचं पोट भरत नाही. सहा अप स्लॉटचे दोन झाले, आठ कॅमेरे मावतच नाहीत. इथे काय करतात लोक?

काटेकोर

शांतपणे मोजा की आठातले खरोखर हलणारे किती. आमच्याकडे बारा होते, त्यातले नऊ खांबाला स्क्रूने पक्के केलेले. खांबाला पक्क्या कॅमेऱ्याला रेडिओ कशाला हवा? त्यांना वायर ओढली आणि हवा मोकळी झाली. जे हलत नाही त्याला वायर, जे हलतं त्याला हवा. मी हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो, कारण खासगी ५जी विकणारे सगळंच हवेवर टाकायला सांगतात.

उरलेल्यांचं चित्र जागेवरच कापा. पूर्ण फ्रेम पाठवायची गरज क्वचित असते, भागाचा तुकडा आणि निकाल पाठवा.

आणि पॅटर्न सारखा केला म्हणजे काम झालं असं नाही, फ्रेम सुरू कुठून होते तेही त्या कंपनीला विचारून घ्या. काही ठिकाणी जुन्या ४जी टीडीडीशी जुळवून घ्यायला ५जीची फ्रेम ३ मिलिसेकंद सरकवलेली असते. तुमच्याकडे नऊ-दहा स्वच्छ आलेत म्हणजे सध्या जुळतंय.

दूरदेशी

नियमांच्या बाजूने लिहितो. हा वाद कुठल्या एका देशाचा नाही, प्रत्येकाने वेगळी वाट काढलीय. जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा १०० मेगाहर्ट्झचा तुकडा कारखान्यांसाठी राखून ठेवला, २०१९ पासून स्थानिक परवाने मिळतात. ब्रिटनने ३.८ ते ४.२ हा पट्टा वाटून वापरायला दिला. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झमध्ये तीन पायऱ्या, सगळ्यात वर नौदलाचं रडार, मग लिलावात घेतलेले परवाने, मग सर्वांसाठी खुलं, आणि कोण कुठे बोलणार हे एक संगणकी व्यवस्था सांगते. किनाऱ्यावर सेन्सर लावलेत, रडार सुरू झालं की खालच्यांना सरकावं लागतं.

मला सगळ्यात प्रामाणिक जपानचं वाटतं. तिथे लोकल ५जी ४.६ ते ४.९ मध्ये आहे आणि पब्लिक नेटवर्कशी वेळ जुळवून फक्त काही डाउन स्लॉट अपमध्ये फिरवायची मुभा आहे. अट अशी की तसं करणाऱ्याने समोरच्याकडून होणारा त्रास सोसायचा. म्हणजे कारखान्याला आधीच माहीत असतं की हे स्लॉट माझ्या भरवशाचे नाहीत. मग त्यांच्यावर कॅमेरा टाका आणि गाडीचे निरोप सुरक्षित स्लॉटमध्ये ठेवा.

मनोरावासी

दूरदेशी, सहमत, पण माझं एक दुखणं मांडतो. परवाना देताना दोन्ही बाजूंना एकमेकांचा फोन नंबर द्यायची सक्ती हवी. आम्ही टॉवर उभा करतो तेव्हा ४०० मीटरवर कुणी रिसीव्हर लावून बसलाय हे आम्हाला कळतच नाही. कळलं असतं तर त्या दिशेचा झोत दोन अंश खाली झुकवणं हे अर्ध्या तासाचं काम होतं.

दूरदेशी

हे पटलं. माझ्या बोलण्यात नियमच जास्त आले, माणसं राहिली.

पाना_पक्कड

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, शटडाउनची कामं होती.

पाच पक्के कॅमेरे वायरवर गेले. उरलेले तीन हवेवर, चित्र कापून. पॅटर्न ७-१-२ कायम केला. शटरसमोरचा अँटेना बाजूच्या भिंतीवर हलवला, आता त्याची पाठ शटरकडे आहे. सोळा दिवस एकही गाडी संपर्क तुटून थांबली नाही, शटर कितीही वेळ उघडं असो.

आणि काल परत सुरू झालं. रात्री मोठा पाऊस होता. सकाळपासून थांबतायत, या वेळी शटर बंद असतानाही. दोन्ही अप स्लॉटमध्ये चुका आणि दर थोड्या वेळाने कमी-जास्त होतायत. पॅटर्न कुणी बदललेला नाही, तपासलं.

काटेकोर

जीपीएस. छपरावर जा, आत्ता.

पॅटर्न सारखा असून उपयोग काय, दोघांची घड्याळं एक हवीत. टीडीडीत शेजारच्या दोन सेलचा वेळ ३ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेला लागतो, म्हणजे प्रत्येकाने खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त भरकटायचं नाही. ही वेळ येते जीपीएसवरून, थेट किंवा पीटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवायची पद्धत) केबलमधून. जीपीएस गेलं की बेस स्टेशन आतल्या क्रिस्टलवर चालतं. छोट्या बेस स्टेशनला फ्रिक्वेन्सीची चूक एक कोटीत एक एवढी चालते. ऐकायला फार बारीक वाटतं, पण त्या वेगाने घड्याळ सेकंदाला ०.१ मायक्रोसेकंद सरकतं. दीड मायक्रोसेकंद व्हायला १५ सेकंद पुरतात. पुढे तासाभरात ते ३६० मायक्रोसेकंद, म्हणजे पाऊण स्लॉट. मग तुमचा अप टॉवरच्या डाउनवर हळूहळू घसरत जातो, म्हणूनच चुका कमी-जास्त होतायत.

आणि या वेळी त्रास दोन्हीकडे आहे. तुमचा डाउनही टॉवरच्या अपवर जाणार. मनोरावासींच्या कंपनीसारख्यांना आता दिसायला लागेल, त्यांचा फोन यायच्या आत तुम्ही करा.

पाना_पक्कड

गेलो छपरावर. जीपीएस अँटेनाच्या कनेक्टरवरची टेप सुटलेली, आत पाणी. कनेक्टर उघडला तर हिरवा पडलेला, मधल्या पिनेवर बुरशीसारखा थर. बेस स्टेशनवर घड्याळाचा अलार्म पहाटे ३:४० पासून लाल होता, पण तो अलार्म आमच्या कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर कुणी जोडलेलाच नव्हता.

कनेक्टर बदलला, नीट रबर टेप गुंडाळली, केबलला खाली एक वळण दिलं म्हणजे पाणी तिथून टपकेल. अकरा उपग्रह दिसायला लागले, वीस मिनिटांत घड्याळ जीपीएसला जुळून पक्कं झालं, गाड्या चालू. अलार्म स्क्रीनवर जोडला आणि जीपीएस पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेलं तर सेलने आपणहून बोलणं थांबवावं अशी सेटिंग टाकायला सांगितलीय. गाड्या थांबतील पण शेजाऱ्याला त्रास जाणार नाही.

काटेकोर

पाच मिनिटं कशाच्या जोरावर? तुमच्या बेस स्टेशनमधला क्रिस्टल किती वेळ दीड मायक्रोसेकंदात राहतो ते बनवणाऱ्याकडून लेखी घ्या आणि तेवढाच आकडा टाका.

पाना_पक्कड

बरोबर आहे, विचारतो. तोवर एक मिनिट करतो.

थांबा_बटण

सेल आपणहून गप्प होणार असेल तर तेव्हा गाड्या कुठे थांबतील तेही बघून ठेवा. सगळ्या एकदम थांबल्या आणि दोन गाड्या आग विझवायच्या वाटेत उभ्या राहिल्या असं व्हायला नको.

पाना_पक्कड

हे डोक्यातच नव्हतं. वाटा बघतो, त्या भागात गाडीला थांबायला मनाई करता येते, तिने वेळ न घालवता जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत हळू जाऊन थांबायचं, पण ते रेडिओ नसताना गाडीने स्वतःच्या सेन्सरवर करायला हवं. गाडी बनवणाऱ्यांशी बोलतो.

मोबाइल कंपनीला आलेख पाठवला होता, त्यांच्या ऑप्टिमायझेशनच्या बाई स्वतः आल्या. शटरसमोर उभं राहून त्यांनी मीटर लावला. मी त्यांच्याकडून चार गोष्टी लिहून घेतल्या: त्यांचा पॅटर्न आणि फ्रेमची सुरुवात, पॅटर्न बदलायच्या आधी पंधरा दिवस आम्हाला ईमेल, रात्री उचलला जाईल असा एक नंबर, आणि आमच्या दिशेच्या झोताचा आत्ताचा झुकाव. त्यांनी माझ्याकडून एकच मागितली, आमच्या सगळ्या अँटेनांचा नकाशा उंचीसकट. असा नकाशा आमच्याकडे नव्हताच, परवा बसून काढला. पूर्वेच्या भिंतीवर दोन अँटेना असे निघाले जे कागदावर पश्चिमेला होते.

मनोरावासी

तो नकाशा त्यांना पाठवलात तसा परवाना देणाऱ्या खात्यालाही सुधारून पाठवा. उद्या त्या पट्ट्यात तिसरा कुणी आला तर तो त्यांचाच कागद बघून अँटेना लावणार.

पाना_पक्कड

पाठवतो, सोमवारीच. गोदामकर, तुमच्या स्कॅनरचं काय झालं?

गोदामकर

चॅनल ११ केल्यापासून गेटवर अडकणं जवळजवळ थांबलं. दोन जुने स्कॅनर अजून हट्ट करतात, त्यांच्यात फिल्टर नाही असं बनवणाऱ्याने कबूल केलंय. ते गेटपासून आतल्या बाजूला दिलेत आणि नवे गेटवर.